नऊला नऊ

१९ ऑगस्ट
हाल्वर्ड

श्री. व्हर्लिन ट्वेटन
फुटबॉल प्रशिक्षक, मार्लो हायस्कूल

आपल्या शाळेचे या हंगामाचे वेळापत्रक मिळाले. चार ऑक्टोबरला आपले होमकमिंग आहे आणि त्या संध्याकाळच्या सामन्यासाठी आपण हाल्वर्डची निवड केली आहे. जुने विद्यार्थी वर्षातून एकदा गावी परततात, मिरवणूक निघते, शाळेची राणी निवडली जाते, आणि एवढे झाल्यावर कोणाला आपला संघ हरताना पाहायचा नसतो. म्हणून त्या दिवशी कोणता पाहुणा बोलावतात हे दोन्ही गावांना माहीत आहे. तुम्ही हाल्वर्डला प्रशिक्षक होता तेव्हा दर वर्षी उल्विकला बोलावत होता, कारण त्यांच्याकडे धावता येणारा एकही मुलगा नव्हता.

अपमानाबद्दल मी लिहीत नाही. तारखेबद्दल लिहिते आहे. एक ऑक्टोबरला साखरेच्या बीटची काढणी सुरू होते. आमची निम्मी मुले त्या दिवसापासून बीटच्या ट्रकवर असतात. सामना सप्टेंबरमध्ये घ्यावा, अशी मंडळाची विनंती आहे.

मंडळाची अध्यक्ष म्हणून लिहायचे ते संपले. आता बहीण म्हणून.

आठ वर्षांत मी तुला पत्र लिहिले नाही, तूही नाही. फोन करणार नव्हतेच, फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस. आमचा संघ मागच्या वर्षापर्यंत नऊ जणांच्या गटात खेळत होता, हे तुला सांगायला नको. सर्वांत लहान शाळांचा तो गट. तूच एकोणीस वर्षे त्यात आमच्या मुलांना शिकवलेस. या वर्षी क्रीडा संघटनेने आम्हाला उचलून अकरा जणांच्या गटात टाकले. आणि तुमची शाळा, जिच्या बाकावर बसलेली मुले आमच्या मैदानावरच्या मुलांपेक्षा जास्त आहेत, ती एक पायरी खाली येऊन त्याच गटात बसली. हे कसे झाले ते तू मला लिहून कळव. मला तोंडी ऐकायचे नाही.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. तिथे ते लवकर मिळते.

आर्लिस नॉर्डक्विस्ट
अध्यक्ष, हाल्वर्ड शाळा मंडळ


२ सप्टेंबर

व्हर्लिन,

तुझे अर्धे पान मिळाले. तारीख बदलता येत नाही, कारण बँडवाल्यांना आगाऊ सांगितले आहे आणि राणीचा मुकुट चार तारखेच्या नावाने कोरून आला आहे. ठीक. आम्ही येऊ.

दुसरी ओळ तू अशी लिहिली आहेस: "आर्लिस, तुमचा दोष संघटनेचा नाही, तुमच्या जेवणाच्या फॉर्मचा आहे." मी सबंध आयुष्य गणित शिकवले. हे गणित मला कळते, पण मी ते एकदा नीट मांडते, म्हणजे आपण दोघे एकाच गोष्टीवर भांडतो आहोत याची खात्री होईल.

संघटना शाळांना पटावरून गटात बसवते. पण पटातून ती गरीब घरच्या मुलांचा काही भाग वजा करते, कारण त्या घरची मुले खेळापेक्षा कामाला जास्त जातात. हे न्याय्य आहे. गरीब कोण, हे संघटना शाळेतल्या फुकट जेवणाच्या फॉर्मवरून ओळखते. मग राज्याने ठरवले की जेवण सगळ्यांनाच फुकट. मोठे चांगले काम केले. त्या दिवसापासून हाल्वर्डमध्ये एकही फॉर्म भरला गेला नाही. आधीही फारसे भरले जात नव्हतेच. लोक पोराच्या डब्यात सुके सँडविच घालतील, पण त्या कागदावर सही करणार नाहीत. म्हणून कागदावर हाल्वर्ड हे सुखवस्तू गाव आहे आणि आमचा पट पुरा मोजला जातो.

तुमच्याकडे साखर कारखाना आहे. तिथल्या कामगारांची घरे तू एकेक करून फिरलास, स्वयंपाकघरात बसलास, फॉर्म भरून घेतलेस. ओरिन हॉगरुडने मला हे सांगितले तेव्हा मी म्हटले, व्हर्लिन असे करणार नाही. आता तूच लिहितोस की केले, आणि वर लिहितोस की त्या फॉर्मवरच्या सरकारी अनुदानातून शाळेला वाचन शिकवणारी आणखी एक बाई मिळाली. मिळाली असेल. पण तुला वाचनाची काळजी पडली म्हणून तू दारोदार फिरलास, हे मला पटवू नकोस. तुझे व्याकरण मी पाहिले आहे.

जुन्या गोष्टीबद्दल. आठ वर्षांपूर्वी तू मंडळापुढे ठराव आणलास की हाल्वर्ड आणि मार्लोने एकत्र संघ करावा. मी विरोधात मत दिले. तू दुसऱ्याच आठवड्यात मार्लोला निघून गेलास. आजही ठराव आला तर मी विरोधातच मत देईन. एकत्र संघाचा सराव मोठ्या गावात होतो. लहान गावाची मुले रोज बसने जातात, मग त्यांच्या बहिणी जातात, मग शाळा जाते. उल्विकच्या शाळेत आता बियाण्यांची पोती ठेवतात. जाऊन बघ.

आर्लिस


२३ सप्टेंबर

व्हर्लिन,

तू विचारले नाहीस, तरी सांगते. तीन सामने झाले, तिन्ही हरलो. हरण्याचे मला काही वाटत नाही. आमची मुले शेवटपर्यंत बाहेर येत नाहीत, कारण बाहेर यायला आत जाणारा दुसरा लागतो. एकच मुलगा चेंडू अडवायला, पळवायला, लाथ मारायला, आणि मध्यंतराला अंगावरच्या पॅडसकट बँडमध्ये ट्युबा वाजवायला. सिग्ने ट्रॉम्बोन वाजवते. ती म्हणते, "आजी, मध्यंतराला टॅनर ट्युबात फुंकर घालतो तेव्हा नुसती धाप ऐकू येते."

टॅनर हा ओरिन हॉगरुडचा मुलगा. गेल्या शुक्रवारी त्याच्या खांद्याजवळचे हाड मोडले. अंगावर आलेला मुलगा त्याच्या दीडपट होता. त्या मुलाचा काही दोष नव्हता. तो स्वतः येऊन टॅनरच्या आईजवळ उभा राहिला आणि रडला.

काल मंडळाची बैठक झाली. ओरिन मंडळावर आहे. त्याने ठराव मांडला की हंगाम इथेच सोडून द्यावा.

"बाई," तो म्हणाला (पंचेचाळीस वर्षांचा झाला तरी तो मला बाई म्हणतो), "माझं पोर आहे म्हणून बोलत नाही. उद्या कुणाची मान मोडली तर तुम्ही त्या घरी काय सांगणार आहात?"

"हंगाम सोडला तर संघटना दोन वर्षं खेळू देणार नाही," मी म्हटले. "दोन वर्षांत खेळणारी सगळी मुलं मार्लोला जातील."

"जाऊ देत. धड तरी राहतील."

"आणि मग तू मंडळावर कशाला बसशील, ओरिन? पोती मोजायला?"

कोच ब्रेमरला विचारले. तो सव्वीस वर्षांचा आहे, सुतारकाम शिकवतो, खोटे बोलता येत नाही. तो म्हणाला, "नऊच्या गटात असतो तर या पोरांनी चार तरी सामने जिंकले असते. अकरात मी फक्त मोजत असतो, किती उभी आहेत."

मते समान पडली, म्हणून शेवटचे मत माझे. मी पुढे खेळण्याच्या बाजूने दिले. ओरिन टोपी घालून माझ्याकडे न बघता गेला. त्याची बायको मला दुकानात भेटली, तीही बोलली नाही. असो. हंगाम पुरा करायचा आणि पुढच्या वर्षी कसेही करून नऊच्या गटात परत जायचे, याखेरीज मला दुसरा रस्ता दिसत नाही. त्यासाठी पटातून निदान दहाबारा मुले वजा व्हायला हवीत. तेवढी घरे हाल्वर्डमध्ये आहेत, हे मला ठाऊक आहे. कोणती, तेही ठाऊक आहे. एकही सही करणार नाही.

चार तारखेला आम्ही वेळेवर पोहोचू. तीन नंबरची बस येईल.

आर्लिस


६ ऑक्टोबर

व्हर्लिन,

काल दिवसभर मी तुझ्यावर रागावले होते. आज चर्चमधून आले आणि लिहायला बसले. राग गेला म्हणून लिहिते असे समजू नकोस.

आधी बसबद्दल. तू मैदानाच्या फाटकाशी उभा होतास आणि मला चालकाच्या जागेवरून उतरताना पाहिलेस. "हे केव्हापासून?" असे विचारलेस. मी सांगितले की चालक तापाने पडला आहे. तेच खरे आहे.

आता सामना. चौदा मुले आणली होती, बाकीची बीटवर. मध्यंतरापर्यंत तुमचे चव्वेचाळीस गुण, आमचे शून्य. फरक पस्तिसाच्या वर गेला की घड्याळ थांबवत नाहीत, म्हणजे बिचाऱ्यांचे लवकर संपते. ते घड्याळ सुरूच होते. मी पाहुण्यांच्या बाजूच्या पायऱ्यांवर बसले होते. आमच्यामागे तुमचे काही जुने विद्यार्थी जागा न मिळाल्याने बसले होते. त्यातला एक म्हणाला, "ही यांची दुसरी फळी आहे का?" त्याची बायको म्हणाली, "गप बस, हीच सगळी आहेत."

दोघे मध्यंतराआधीच लंगडत बाकावर आले होते. तिसऱ्या भागात आणखी एकाचा घोटा मुरगळला, एकाला उलट्या, एकाच्या डोळ्यापुढे अंधारी. पाच मिनिटांत आमची नऊच मुले मैदानात उरली. बाकावर बसलेल्यांपैकी कोणीही पायावर उभे राहण्यासारखे नव्हते. ब्रेमर पंचांकडे चालत निघाला. सामना सोडतो असे सांगायला निघाला होता, हे सगळ्या मैदानाला कळले.

तेवढ्यात तू तुझ्या दोन मुलांना हाक मारून बाहेर बोलावलेस. त्यांच्या जागी कोणाला पाठवले नाहीस. पंच तुझ्याकडे आला, काहीतरी विचारले, तू मान हलवलीस. मग नऊला नऊ.

तुमच्या पायऱ्यांवर कुजबुज झाली. माझ्यामागचा माणूस म्हणाला, "ट्वेटनचं डोकं फिरलंय का? होमकमिंग आहे आज." मला उठून मैदानात यावेसे वाटले आणि तुला विचारावेसे वाटले की तुला कोणी दया मागितली होती. ओरिन माझ्यापासून दोन पायऱ्या खाली, मुलाचा हात गळ्यात बांधलेला, त्याला शेजारी घेऊन बसला होता. तो मागे न बघता म्हणाला, "बाई, बसा. बघा तरी."

मी बसले आणि पाहिले. तू तुझी सगळ्यांत चांगली नऊ मुले आत ठेवली होतीस. दुसरी फळी आणली नाहीस. मुद्दाम हळू खेळायला सांगितले नाहीस. ती मुले पहिल्याइतकीच जोरात आली. फक्त त्यांच्यातली दोन माणसे कमी होती आणि आता कुठे उभे राहायचे हे त्यांना कळेना. आमच्या मुलांना कळत होते. ती लहानपणापासून नऊचाच खेळ खेळली आहेत. त्यांच्या थोरल्या भावांना तो तूच शिकवलास. जिथे दोन मोकळ्या जागा होत्या तिथून ती पळाली. एकाने चेंडू शेवटच्या रेषेपार नेला, टचडाउन झाला. मग आणखी एक. शेवटी त्रेपन्न विरुद्ध चौदा झाले आणि आमची मुले जिंकल्यासारखी एकमेकांना आपटत होती. टॅनर एका हाताने बाक बडवत होता. ओरिन टोपी काढून बसला होता, कपाळ पुसत होता.

तर माझे म्हणणे असे. दोन मुले काढण्याआधी तू ब्रेमरला विचारायला हवे होतेस. ते त्याचे मैदान नव्हते, तरी तो त्याचा संघ होता. हे मी मागे घेणार नाही. पण ती दया नव्हती, हे मी मान्य करते. दया असती तर तू चांगली मुले बाहेर काढली असतीस.

ऐकते की मार्लोच्या कॅफेत तुला आता 'नऊवाला' म्हणतात. बरे झाले.

आर्लिस


१६ ऑक्टोबर

व्हर्लिन,

चार पाने. तू शाळेत असताना एवढे लिहिले असतेस तर.

तुझी रीत मी दोनदा वाचली. गरिबांना फॉर्म देऊ नका, सगळ्यांना द्या. बँकवाल्याला द्या, पास्टरला द्या, ज्याला मूलबाळ नाही त्यालाही द्या. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच खोलीत भरायचा, म्हणजे कोण का भरतो आहे हे कोणाला कळत नाही. ज्यांचा उपयोग नाही ते नंतर फेकून द्यायचे. मार्लोत तू हे पहिल्या वर्षी केले नाहीस, दारोदार फिरलास आणि तीन घरांतून हाकलला गेलास, हे मला आधी सांगितले असतेस तर मी सप्टेंबरमध्ये तुला थोडे कमी बोलले असते.

मला यात दोन अडचणी दिसतात. पहिली, हाल्वर्डमध्ये सगळे एका खोलीत येतात ते फक्त चर्चच्या ल्युटफिस्कच्या जेवणाला. त्या माशाचा वास आणि सरकारी कागद, दोन्ही एकदम लोक सहन करतील की नाही सांगता येत नाही. दुसरी अडचण ओरिन. तो ज्या बाजूला बसतो त्या बाजूला अर्धे गाव बसते. त्याला मी रस्त्यात गाठले. "ते कागद घरी आले," तो म्हणाला, "की मी कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरतो. माझी पोरं उपाशी नाहीत, बाई."

"उपाशी आहेत असं कोणी म्हटलं?"

"त्या कागदावर तसंच लिहिलेलं असतं."

मी म्हटले, तसे लिहिलेले नसते, मी वाचला आहे. तो म्हणाला, "वाचलाय. भरलाय का?"

त्याला काय उत्तर दिले ते लिहीत नाही.

तू शेवटी विचारतोस की नॉर्मनच्या आजारपणानंतर नवऱ्याविना माझे नीट चालले आहे का, आणि सिग्नेची आई पैसे पाठवते का. सिग्ने बरी आहे. तिची आई पश्चिमेला आहे, एवढेच मला माहीत आहे. माझे चालले आहे. सकाळी लवकर उठते, हवा चांगली लागते. मुलांना वेळेवर शाळेत पोहोचवते.

वरचे वाक्य खोडायला हवे होते. पण मी पत्रात खाडाखोड करत नाही. तर हो, बस मीच चालवते. ताप आलेला चालक असा कोणी नाही. दीड वर्ष झाले.

आर्लिस


३ नोव्हेंबर

व्हर्लिन,

जेवण काल झाले. चर्चच्या तळघरात सगळे गाव आले होते. काढणी संपलेली, नखांत अजून माती, वितळलेल्या लोण्याचे भांडे टेबलावरून फिरते आहे. प्रत्येक ताटाशी आम्ही एक फॉर्म आणि एक पेन्सिल ठेवली होती. पास्टर जूडिथने प्रार्थनेनंतर जाहीर केले की भरलेला फॉर्म दाराजवळच्या दुधाच्या कॅनमध्ये पडल्याखेरीज कोणालाही जेवणानंतरचा ॲपल पाय मिळणार नाही. लोक हसले. मग कोणीही पेन्सिल उचलली नाही. बँकेचा स्टेनरुड तेवढा नाव लिहीत बसला, आणि त्याने भरल्याने कोणाला धीर येणार होता.

ओरिनने फॉर्मची घडी घालून ताटाखाली ठेवली. त्याच्या टेबलावरच्या सगळ्यांनी तेच केले. मग शेजारच्या टेबलाने.

तुझ्या रीतीत एक चूक आहे, व्हर्लिन. सगळ्यांनी एकदम भरायचे हे खरे, पण कोणीतरी पहिला लागतो. मार्लोत तो कोण होता ते तू लिहिले नाहीस.

मी उभी राहिले. वर्गात उभी राहायचे तशीच. चष्मा लावला आणि माझा फॉर्म मोठ्याने वाचला. घरात माणसे दोन. एक मी, एक सिग्ने, नववीत. उत्पन्न: शिक्षिकेचे निवृत्तिवेतन, इतके. बस चालवण्याचे, इतके. शेतीचे, काही नाही, कारण शेत नॉर्मनच्या इस्पितळाच्या बिलात गेले. सिग्नेच्या आईकडून, काही नाही. आकडे तुला इथे लिहीत नाही. हवे असतील तर हाल्वर्डमध्ये कोणालाही विचार, आता सगळ्यांना पाठ आहेत.

सिग्ने स्वयंपाकघराच्या दारात वाढपाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिला आधी सांगितले नव्हते, कारण मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. तिचे कान लाल झाले. पण ती हलली नाही.

मग मी म्हटले, "या राज्याच्या हिशोबाने मी गरीब आहे. मला तसं वाटत नाही. पण गणितात काय वाटतं हे विचारत नाहीत." सही केली, चालत गेले, कॅनमध्ये टाकला आणि परत येऊन बसले. ल्युटफिस्क गार झाला होता. गार झाल्यावर तो कसा लागतो तुला माहीत आहे.

 मग ओरिनने ताटाखालून कागद काढला.

"बाई, पेन्सिल?"

"तुझ्या डाव्या हाताशी आहे."

"आणि खोडरबर?"

"नाही ठेवलं. पहिल्यांदाच बरोबर लिही."

त्याने लिहिले. हळूहळू, जीभ दातांत धरून, सातवीत लिहायचा तसे. त्याच्या बायकोने मध्येच कागद ओढून घेतला, म्हणाली, "कंबाइनचा हप्ता असा नाही लिहायचा, दे इकडे." त्यावर कोणीतरी हसले आणि मग सगळीकडून पेन्सिलींचा आवाज यायला लागला. टॅनरला डाव्या हाताने जेवताना पाहत स्टेनरुड म्हणाला, "मी तर सगळं खरं लिहिलंय, मला पायचा मोठा तुकडा हवा." ओरिन म्हणाला, "तुझा फॉर्म फेकून देणार आहेत, तुला लहान."

कॅन शेवटी दोघांनी उचलून नेली, जड नव्हती तरी.

ओरिन जाताना माझ्याजवळ थांबला. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. "तुम्ही आधीच सांगायचं होतं, बाई," तो म्हणाला. "बस थंडीत सुरू होत नाही. मी सकाळी येऊन गरम करून ठेवत जाईन." मी म्हटले गरज नाही. आज रविवार आहे, पण उद्या तो येईल असे मला दिसते आहे.

संघटनेचा निर्णय पंधरा तारखेनंतर कळेल.

आर्लिस


२१ नोव्हेंबर

व्हर्लिन,

गटांची यादी आज आली. हाल्वर्ड पुढच्या हंगामापासून नऊ जणांच्या गटात. मंडळाने सर्वांच्या मताने मान्यता दिली, त्यात ओरिनचेही मत आले. संघ राहिला. ब्रेमरला सांगितले तेव्हा त्याने हातातली कानस खाली ठेवली, "बरं," म्हणाला, आणि परत उचलली. टॅनरचे हाड जुळले आहे. ट्युबा वाजवायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, त्याबद्दल बँडमास्तरखेरीज कोणी आनंदी नाही.

पट वजा करून आम्ही मर्यादेच्या पुष्कळ आत बसलो. माझा एक फॉर्म नसता तरी चालले असते. हे कळल्यावर मला थोडा वेळ कसेसेच वाटले. मग वाटले नाही.

तुम्ही आहात तिथेच आहात. म्हणजे दोन वर्षे तरी तुमची शाळा आणि आमची शाळा समोरासमोर येणार नाहीत. बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांशी खेळायचे, यासाठीच सगळे चालले होते, तेव्हा याबद्दल तक्रार करायला जागा नाही. पण यादी वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आले की आता तुला पत्र लिहायला माझ्याजवळ काही कारण उरले नाही.

म्हणून दुसरे कारण काढते. पुढच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचे जेवण आहे. बारा वाजता. टर्की लहान आहे, पण आम्ही दोघीच आहोत. लेफ्साच्या पोळ्या सिग्ने लाटणार आहे. पहिल्यांदाच, तेव्हा फाटलेल्या खाव्या लागतील. मार्लोत तू गुरुवारी कुठे जेवतोस हे मी कधी विचारले नाही, आणि आताही उत्तर नको आहे. आलास तर तिसरी खुर्ची आहे. एकत्र संघाचा विषय काढलास तर मी जे आठ वर्षांपूर्वी बोलले तेच बोलेन, ते ऐकायची तयारी ठेव.

एक सूचना. तू सवयीने चर्चनंतर डावीकडे शेताच्या रस्त्याला वळशील. वळू नकोस. तिथे आता दुसरे लोक राहतात, चांगले आहेत, पण त्यांना तू कोण ते माहीत नाही. सरळ पुढे ये. धान्याच्या कोठारामागे तिसरे घर, पांढरे, दारात पिवळी बस उभी असेल. तुझी पत्रे मी शाळेच्या पत्त्यावर का मागवत होते, ते आता तुला कळले.

वेळेवर ये. बटाटे थांबत नाहीत.

आर्लिस